पोलादाचा ओघ आणि कामगाराचें रक्षण

कोल्हापुराभोंवतीं शिरोली व गोकुळ-शिरगांव येथें ओतशाळा, ज्यांस आपण फौंड्री म्हणतों, पुष्कळ आहेत. आम्हां शिरोळकरांच्या घरांतूनहि असल्या ठिकाणीं कामास जाणारे असतात. तेथें वाळूच्या सांच्यांत लोखंडाचा रस ओतून एकेक जिन्नस घडवितात. रायगड जिल्ह्यांतील डोलवीसारख्या मोठ्या कारखान्यांत मात्र पोलाद अखंड ओतलें जातें. तेथील रीत आपणांस कांहीं शिकवील, म्हणून ती येथें सांगतों.

सुमारें १५५० अंश सेंटिग्रेड उष्णतेचा रस मोठ्या पात्रांतून एका कुंडांत, व कुंडांतून तांब्याच्या बिनतळाच्या सांच्यांत उतरतो. सांच्याच्या भिंतींतून थंड पाणी वाहत असल्यामुळें रसाभोंवतीं घट्ट साल धरते. आंत मात्र रसच असतो. हा पाट रुळांमधून सतत खालीं ओढतात व त्यावर पाण्याचे फवारे सोडतात.

धोका येथेंच आहे. साल फाटली कीं रस बाहेर पडतो; त्याखालीं पाणी कोंडलें तर वाफ होतांना तें सुमारें १६०० पट फुगतें व स्फोट होतो. म्हणून सांच्याच्या तांब्यांत उष्णतामापक बसवितात. साल चिकटून फाटूं लागतांच त्या जागेचें उष्णतामान चढतें. यंत्र तें ओळखून वेग कमी करतें, व सालीस पुन्हां जाड होण्यास अवसर मिळतो. पात्रांतील धार कुंडांत उघडी न सोडतां नळींतून नेतात. त्यायोगें ठिणग्या उडत नाहींत, आणि हवा न लागल्यानें पोलादांत मळहि धरत नाहीं. सांच्यांतील रसावर भुकटी पसरण्याचें काम कित्येक ठिकाणीं आतां यंत्र करतें. त्यामुळें मनुष्य आंचेपासून दूर राहतो, आणि भुकटीचा थर सारखा राहून पाटाचा पृष्ठभाग चांगला निघतो.

तात्पर्य, कामगाराचें रक्षण व मालाचा चोखपणा हीं दोन निरनिराळीं कामें नव्हेत. हाच न्याय आपल्या लहान ओतशाळांसहि लागू आहे. ओली पळी रसांत बुडविली तर रस उसळून जिवावर बेततें. वाळूंत ओल अधिक राहिली तर वाफेनें जिनसांत पोकळ्या पडतात. शत्रु एकच, पाणी. आणि उपायहि एकच, सावधपणा.

ज्यांच्या घरचें माणूस भट्टीजवळ उभें राहतें, त्यांनीं घाईपेक्षां ह्या सावधपणाचा आग्रह धरावा. सकाळीं गेलेला मनुष्य सायंकाळीं सुखरूप परत यावा, हीच कोणत्याहि कारखान्याची पहिली कसोटी होय, असें आम्हांस वाटतें.