खाते गेले, चाळी राहिल्या

सरकारी खाते गुंडाळावयाचे ठरले म्हणजे त्याची मालमत्ता कोणाकडे, कर्ज कोणाच्या माथी आणि नोकरवर्ग कोणत्या कचेरीत, याची बारकाईने विल्हेवाट लावली जाते. त्या खात्याने बांधलेल्या घरातील भाडेकरूने गळक्या छपरासाठी उद्यापासून कोणाचे दार ठोठवावे, हे मात्र बहुधा कोणाला सुचत नाही. मुंबईत ही चूक शंभर वर्षांपूर्वी झाली आणि तिचे प्रायश्चित्त वरळी-नायगावच्या भाडेकरूंनी तीन-चार पिढ्या भोगले.

गव्हर्नर लॉईड यांच्या कारकिर्दीत 1920 साली मुंबईचे विकास खाते, म्हणजेच ‘बीडीडी’, जन्मास आले. शहरात येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवून 50,000 खोल्या बांधण्याचा संकल्प सुटला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे मिळून 207 चाळी व सुमारे 16,000 खोल्या उभ्या राहिल्या. खोली 160 चौरस फुटांची, शौचालये मजल्यावर सामाईक. भाडे गिरणीकामगारास परवडेना, म्हणून कित्येक खोल्या ओस पडल्या. 1930 च्या सत्याग्रहात सरकारने वरळीच्या चाळींचा तुरुंग केला. राहण्यासाठी बांधलेली इमारत कोंडण्यासाठी इतकी सोयीची ठरावी, यातच तिच्या रचनेवरील टीका आली!

इकडे बॅकबेच्या भरावात खात्याची अब्रू बुडाली होती. वीर नरिमन यांनी गैरकारभाराची लक्तरे वेशीवर टांगली. त्यांच्यावर झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यातून ते 1928 साली निर्दोष सुटले. खाते गेले ते योग्यच झाले. पण चाळी गेल्या सार्वजनिक बांधकाम खात्याकडे. रस्ते, पूल व कचेऱ्या बांधणाऱ्या हातांत. 1896 च्या प्लेगनंतर स्थापन झालेल्या सुधारणा ट्रस्टचे असे झाले नाही. तो 1933 साली पालिकेत विलीन झाला. तेथे निदान निवडून आलेल्या सभासदाकडे गाऱ्हाणे नेता येत होते. बांधकाम खात्याच्या इंजिनियरास मते मागावयाची नसतात.

आमच्या मास्तरकीच्या दिवसांत बदली झालेल्या शिक्षकाचा हजेरीपट नव्याच्या हाती पडे; परंतु मागल्या बाकावरील कोणत्या मुलास फळा दिसत नाही, हे त्यात लिहिलेले नसे. 1976 च्या कायद्याचे तसेच झाले. गृहनिर्माण मंडळे व इमारत दुरुस्ती मंडळ बरखास्त होऊन 1977 च्या डिसेंबरात ‘म्हाडा’ अस्तित्वात आली. घरांचा सारा कारभार एका छत्राखाली आला म्हणतात. पण या 207 चाळी त्या छत्राबाहेरच भिजत राहिल्या. त्यांच्या पुनर्बांधणीचे काम ‘म्हाडा’कडे येण्यास आणखी चार दशके लागली. भूमिपूजन 2017 साली झाले आणि वरळीतील पहिल्या 556 कुटुंबांस 500 चौरस फुटांच्या घराच्या किल्ल्या मिळाल्या त्या ऑगस्ट 2025 मध्ये. ज्यांच्या नावावर मूळ खोली होती, त्यांतले किती जण ते पाहावयास उरले असतील?

म्हणून आमची मागणी साधी आहे. गृहनिर्माणाची कोणतीही संस्था विसर्जित करणाऱ्या विधेयकात मालमत्ता व कर्जे यांच्या कलमांशेजारी भाडेकरूचे एक कलम असावे: दुरुस्ती कोणी करावयाची, किती दिवसांत, आणि न केल्यास दाद कोणाकडे मागावयाची. वरळीच्या नव्या इमारती उंच आहेत. त्यांतील लिफ्ट बंद पडेल त्या दिवशी कोणत्या अधिकाऱ्याकडे जावयाचे, त्याचे नाव दरवाजाशी फलकावर आजच लिहिले जावे.