जव्हारच्या शेजारी पोर्तुगाल

जव्हार म्हटलं की पुण्या-मुंबईच्या माणसाला दाभोशाचा धबधबा आठवतो, फार तर मुकणे राजांचा जयविलास राजवाडा. पण हे डोंगर उत्तरेकडे उतरून गेलं, की १९५४ पर्यंत चक्क पोर्तुगालची हद्द लागायची! १९४८ साली जव्हार संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं आणि पुढची सहा वर्षं ठाणे जिल्ह्याच्या या रानातल्या कोपऱ्याला थेट आंतरराष्ट्रीय सरहद्द होती. पलीकडे नगर हवेली, राज्य लिस्बनचं.

माणसं मात्र तीच. अलीकडे वारली आणि कोकण्यांचे पाडे, पलीकडेही त्यांचेच. जव्हार-मोखाड्यात जो तारपा वाजतो तोच खानवेलकडेही: सुकवलेला पोकळ भोपळा, त्यात मेणाने बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या आणि टोकाला ताडाच्या पानांचा कर्णा. वाजवणारा दम न तोडता वाजवत राहतो आणि बाकीचे त्याच्याभोवती फेर धरतात. त्या फेराला लिस्बनशी काय देणंघेणं असणार?

ही सरहद्द उगवली ती एका जहाजापायी. १७७२ साली मराठी आरमाराने पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ जहाजाचं नुकसान केलं. भांडण मिटवताना १७७९ च्या तहात पेशव्यांनी वर्षाला १२,००० रुपये वसुलाची गावं देऊ केली. १७८३ मध्ये नगर हवेली गेली, १७८५ मध्ये शेजारचं दादरा. दिला होता तो वसूल, मुलूख नव्हे. पण पेशवाई बुडाली, इंग्रज आले, आणि पोर्तुगीज तिथे धनी असल्यासारखे वागू लागले तेव्हा इंग्रजांनीही ते चालवून घेतलं. समुद्रावरच्या भांडणाची भरपाई समुद्र न पाहिलेल्या पाड्यांनी पावणेदोनशे वर्षं केली.

जुलै १९५४ मध्ये आधी दादरा सुटलं आणि २ ऑगस्टला नगर हवेलीतलं सिल्वासा. ती सोडवणाऱ्या आझाद गोमंतक दलाच्या आणि इतर स्वयंसेवकांमध्ये संगीतकार सुधीर फडकेही होते. पोर्तुगीज अधिकारी फिदाल्गो शिपायांसह खानवेलकडे मागे हटला आणि ११ ऑगस्टला उधव्याला, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात, भारतीय पोलिसांना शरण आला.

खरी गंमत पुढे आहे. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला: आमच्या गावांकडे जाण्याची वाट भारताने अडवली! भारताच्या बाजूने नेमलेले न्यायाधीश होते मुंबईचे एम. सी. छागला. पेशव्यांच्या सनदांचा कीस हॉलंडमध्ये पाडला गेला आणि मराठ्यांनी दिला तो फक्त वसुलाचा हक्क, हे न्यायालयाने मान्य केलं. १२ एप्रिल १९६० च्या निकालात पोर्तुगालला माणसं आणि माल नेण्याची वाट होती असं ठरलं, पण सैन्य नेण्याचा हक्क ८ विरुद्ध ७ मतांनी नाकारला गेला. एक मत इकडचं तिकडे झालं असतं तर?

१९६१ साली हा प्रदेश रीतसर भारतात आला. त्यासाठी के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं तिथलं पंतप्रधान करून करारावर सही घेतली. नकाशाचा गुंता मात्र सुटला नाही. नगर हवेलीच्या पोटात मघवाल हे गाव आजही गुजरातचं आहे. गुजरात म्हणजे दारूबंदी, आणि गावाच्या चारी बाजूंना जो केंद्रशासित प्रदेश आहे तिथे दारूची दुकानं राजरोस उघडी.