घराचा भाव कमी सांगताना

भाजी घेताना दोन रुपयांसाठी घासाघीस करणारे आपण घराच्या सौद्यात मात्र गप्प बसतो. मालकाने ४२ लाख म्हटले की ‘काही कमी होईल का?’ एवढेच विचारतो. कमी भाव सांगणे म्हणजे समोरच्याचा अपमान, असे वाटते. पण हजरत जाबिर (रजि.) यांचा उंट घेताना खुद्द पैगंबर मुहम्मद (स.) यांनी भावाची बोलणी केली; नंतर ठरलेली किंमत दिली आणि उंटही परत केला. भाव करण्यात कमीपणा नाही, खोटे बोलण्यात आहे.

मात्र कमी भावाला आधार हवा. शेजारपाजारच्या व्यवहारांची सूची क्रमांक २, म्हणजे इंडेक्स टू, महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येते. त्यात नोंदवलेली किंमत व क्षेत्रफळ असते. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये असल्यास १०.७६ ने गुणले की चौरस फूट मिळतात. तुलना कार्पेटची कार्पेटशीच करावी.

समजा, ६०० फुटांच्या फ्लॅटला ४२ लाख मागितले, म्हणजे फुटाला ७ हजार. शेजारी ६,४०० ने सौदे झाले असतील तर किंमत ३८ लाख ४० हजार येते. गळके बाथरूम आणि जुने वायरिंग यांचा खर्च मिस्त्रीने १ लाख ४० हजार सांगितला, तर उरले ३७ लाख. मग साडेपस्तीसपासून बोलणी सुरू करावी आणि ३७ ला थांबावे. हिशेब समोर ठेवला की बोलणे अपमानाचे राहत नाही. व्याज टाळण्यासाठी वर्षानुवर्षे पैसे साठवलेल्या कुटुंबाने ‘रक्कम तयार आहे’ हेही सांगावे. लवकर मिळणाऱ्या पैशासाठी विकणारा भाव थोडा सोडतो.

खाली जाण्यालाही मर्यादा आहे. सौदा रेडी रेकनरपेक्षा कमी किमतीत झाला तरी मुद्रांक शुल्क रेकनरच्या मूल्यावरच लागते. फरक ५० हजारांहून आणि सौद्याच्या किमतीच्या १० टक्क्यांहूनही जास्त असेल, तर तो सगळा फरक घेणाऱ्याचे उत्पन्न धरून त्यावर आयकर लागतो. ‘कागदावर कमी दाखवू, बाकी रोख द्या’ हा प्रस्ताव तर सरळ नाकारावा. ते खोटे आहेच, शिवाय व्यवहार मोडला तर त्या रोख पैशाचा पुरावा राहत नाही.

आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते ती समोरच्याची परिस्थिती. कोणी आजारपणासाठी, कोणी मुलीच्या लग्नासाठी घर विकत असतो. त्याची निकड कळल्यावर भाव आणखी पाडणे हा व्यवहार नव्हे. नसलेले दोष सांगू नयेत, खोटे गिऱ्हाईक उभे करू नये. बयाणा दिल्यावर, नोंदणीच्या आदल्या दिवशी ‘अजून एक लाख कमी करा’ म्हणू नये. दुसऱ्याचा सौदा पक्का झाला असेल तर मध्ये शिरू नये.

विकणाऱ्याने नाही म्हटले तर सलाम करून उठावे आणि आपला आकडा व फोन नंबर ठेवून यावे. महिन्याभराने त्याचाच फोन येऊ शकतो, आणि नाही आला तरी शहरात घरे आणखी आहेत.