'इज' छोटा की मोठा?

सोमवार, सकाळचे साडेनऊ. साडेअकराला क्लायंटसमोर प्रेझेंटेशन. दोन रात्री जागून केलेली माझी १८ स्लाइड्सची फाइल मॅडमनी उघडली. आकडे बघितले, ग्राफ बघितले आणि म्हणाल्या, "अरे, ही हेडिंग्ज काय आहेत? इथे 'इज' कॅपिटल, तिथे स्मॉल. क्लायंटला आधी हेच दिसणार!"

झालं! आमची शाळा मराठी मीडियम. एबीसीडी गिरवली तीच मुळी 'पहिली लिपी, दुसरी लिपी' म्हणत. आपल्या देवनागरीत ही भानगडच नाही. वाक्याच्या सुरुवातीला असो की मधे, 'क' तो 'क'च. वाटलं, आपलं इंग्लिश कच्चंच. "तूच प्रेझेंट कर ना," असं शेजारच्या डेस्कवरच्या मित्राला सांगायला उठलोही होतो.

पण हातात दोन तास होते. म्हटलं, नियम तरी बघू. आणि काय सांगू राव, साहेबांचंच एकमत नाही!

हेडिंग लिहायच्या मुख्य पद्धती दोन. पहिली 'सेंटेन्स केस'. साध्या वाक्यासारखी. पहिला शब्द आणि विशेषनामं कॅपिटल, बाकी सगळं स्मॉल. दुसरी 'टायटल केस'. यात नाम, सर्वनाम, क्रियापद, विशेषण ही बडी मंडळी कॅपिटल. 'द', 'अँड', 'ऑफ' वगैरे चिल्लर पार्टी स्मॉल. मात्र पहिला आणि शेवटचा शब्द सहसा मोठाच. म्हणून 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मधला पहिला 'द' मोठा, दुसरा छोटा.

मी घसरलो तो इथेच. स्पेलिंग दोनच अक्षरांचं, म्हणून 'इज'ला छोटा समजलो. पण तो पडला क्रियापद! 'लाइफ इज ब्यूटिफुल'मध्ये तो मोठाच हवा.

खरी गंमत 'विथ'ची. 'गॉन विथ द विंड' घ्या. अमेरिकन पत्रकारांचं 'एपी स्टाइलबुक' म्हणतं, स्पेलिंगमध्ये चार अक्षरं झाली की शब्द मोठा. पुस्तकवाल्यांचं 'शिकागो मॅन्युअल' म्हणतं, 'विथ' हे प्रिपोझिशन, छोटंच ठेवा. त्या शिकागोनेही २०२४ साली १८व्या आवृत्तीत नियम बदलला. पाच किंवा जास्त अक्षरांची प्रिपोझिशन्स आता मोठी. 'अबाउट', 'बिटवीन'ला प्रमोशन, 'विथ' बिचारा होता तिथेच!

तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. 'इज' चुकला, कबूल. पण मोठा घोळ वेगळाच होता. एकाच फाइलमध्ये मी दोन्ही पद्धतींची भेळ केली होती. त्यात इंग्लिश कच्चं असण्याचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा दोस्तांनो, फंडा सिंपल आहे. आधी ऑफिसची स्टाइल कोणती ते विचारा. ठरलेली नसेल तर सेंटेन्स केस घ्या, त्यात चुकायला जागा कमी. 'कॅपिटलाइज ईच वर्ड'च्या भरवशावर राहू नका, ते 'ऑफ' आणि 'द'लाही मोठं करून ठेवतं. आणि एकदा ठरलं की पहिल्या स्लाइडपासून शेवटच्या 'थँक यू'पर्यंत तेच.

मी सेंटेन्स केस घेतली. वीस मिनिटांत हेडिंग्ज सरळ झाली. साडेअकराला प्रेझेंट मीच केलं. क्लायंटने प्रश्न विचारले ते ग्राफवर, आकड्यांवर. हेडिंग्जबद्दल अवाक्षर नाही. आपल्याला तरी दुसरं काय हवं होतं?