‘टॉय स्टोरी २’मधला तो जोक फक्त दुकानदारालाच टोचतो

आज विषय जरा वेगळा आहे, पण फिरून गल्ल्यावरच येणार, काळजी नको.

परवा दुकानाला सुट्टी होती. मुलीने ‘टॉय स्टोरी २’ लावला. १९९९चा पिक्चर, मी शाळेत असताना पाहिलेला. त्यात बाकीची खेळणी वुडीला शोधत एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानात शिरतात. एक बार्बी त्यांना गाइडसारखं दुकान फिरवते. बझची अख्खी रांग भरलेली दिसते आणि ती सहज सांगून जाते, की १९९५ साली दूरदृष्टी नसलेल्या दुकानदारांनी मागणीएवढा मालच मागवला नव्हता. मी मोठ्याने हसलो. मुलगी म्हणाली, “बाबा, यात काय हसायचं?”

बरोबर आहे, तिला कसं कळणार! १९९५ मध्ये पहिला भाग आला तेव्हा खरंच असं झालं होतं. पिक्चर तुफान चालला आणि नाताळात दुकानांत बझ मिळेना. बनवणाऱ्यांनी चार वर्षं ते लक्षात ठेवलं आणि दुसऱ्या भागात दुकानदारांना चिमटा काढला.

हसलो खरा, पण मग गप्प झालो. कारण तो दुकानदार मी पण आहे. एका जूनमध्ये होलसेलवाला म्हणत होता, कार्टूनच्या दप्तरांची पाच डझन उचला. मी म्हटलं, एक द्या, बघू. चार दिवसांत संपली. परत फोन केला तर त्याच्याकडेच माल नाही. पोरगं दप्तरासाठी हटून बसलं की आई समोरच्या दुकानात जाणारच. आणि तिथे गेली की वह्या, कव्हर, कंपास, सगळी यादी तिथेच घेते. दप्तरातला नफा गेला त्याचं एवढं नाही, यादी गेली ना! पुढच्या वर्षी घाबरून सहा डझन भरली, तर पोरांना दुसरंच कार्टून हवं होतं. हा अर्धा जोक पिक्चरमध्ये नाही.

त्या पिक्चरमधल्या दुकानाचा मालक, अल, कोंबडीचा ड्रेस घालून जाहिरात करतो. मुलगी त्याला हसते. मला हसू येतं ते वेगळ्याच गोष्टीचं: शनिवारी कामावर जावं लागतं म्हणून कुरकुरत तो गाडी काढतो, आणि दुकान असतं घरासमोर, रस्त्यापलीकडे. बायको म्हणाली, “अहो, आणि तुम्ही कोपऱ्यावर दूध आणायला ॲक्टिव्हा काढता ते?”

‘श्रेक २’मध्येही (२००४) असंच आहे. राक्षसाएवढा बिस्किटाचा माणूस कॉफीच्या दुकानावर हल्ला करतो, लोक किंचाळत बाहेर पळतात आणि समोरच असलेल्या त्याच कंपनीच्या दुसऱ्या दुकानात शिरतात. पोरं बिस्किटाला हसतात, आपण त्या दुसऱ्या दुकानाला. तिकीट काढणारा कंटाळला तर तो पुढच्या भागाला पोरांना कशाला आणेल? अर्थात सगळ्या सिक्वेलना हे जमत नाही. बरेच जण पहिल्या भागातलाच जोक जास्त आवाज करून सांगतात.

आपल्याही काउंटरसमोर हेच दोघं उभे असतात. दप्तराचं चित्र पोरगं बघतं, चेन आणि शिलाई आई ओढून बघते. मी कित्येक वर्षं फक्त चित्रच दाखवत होतो. आता दप्तर उलटं करून आधी शिलाई आईच्या हातात देतो.

आणि हो, त्या सहा डझनांतली दोन डझन अजून माळ्यावर आहेत. कुणाला हवी असतील तर घेतलेल्या भावात देतो.