येरवड्यातील वाचनाचा तिसरा खाना

१९२२च्या मार्चमध्ये महात्मा गांधींना येरवड्याच्या तुरुंगात आणले, तेव्हा त्यांच्याजवळ सात पुस्तके होती. पाच धार्मिक, एक जुना शब्दकोश आणि एक मौलाना आझादांनी भेट दिलेले उर्दू शिकण्याचे पुस्तक. तुरुंगाच्या ग्रंथालयाबाहेरचे पुस्तक कैद्याला वापरू द्यायचे नाही, असा हुकूम होता. मग अधिकाऱ्याने तोड सुचवली: ही पुस्तके ग्रंथालयाला देऊन टाका आणि तिथूनच वाचायला घ्या. गांधीजींनी नकार दिला. इतर पुस्तके द्यायला हरकत नव्हती, पण भेटीची आणि आठवणी जडलेली पुस्तके कशी द्यायची? अखेर ती त्यांच्याकडे राहिली. हकीम अजमल खान यांना लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग आहे. ते पत्र सरकारने त्या वेळी जाऊ दिले नाही.

कोणाही वाचकाच्या नोंदीत तीन खाने असतात: वाचून झालेले, हाती असलेले आणि पुढे वाचायचे. आपण अभ्यासक पहिल्या खान्यावर तुटून पडतो. यादीत ग्रंथाचे नाव सापडले की त्याचा प्रभाव सिद्ध झाला, असे धरून चालतो. (मीही अशी विधाने केली आहेत.) गांधीजींची तुरुंगातली रोजनिशी पाहिल्यावर ही सवय मोडावी लागते. अमुक संपले, तमुक सुरू केले, एवढ्याच त्रोटक ओळी. पुस्तक पटले की कंटाळा आणला, याचा पत्ता नाही. गिबनचा रोमन साम्राज्याचा इतिहास आहे, विल्यम जेम्स आहे, गटेचे 'फाउस्ट' आहे आणि किपलिंगही आहे. साम्राज्याचा भाट म्हणून ओळखला जाणारा किपलिंग केवळ नोंदीच्या जोरावर प्रभावांच्या यादीत बसवायचा काय?

नोंदीमागचे मत कळते ते सुटकेनंतर १९२४ साली 'यंग इंडिया'त त्यांनी लिहिलेल्या लेखांतून. संपूर्ण महाभारत त्यांनी तुरुंगात प्रथमच वाचले, गुजराती भाषांतरातून. त्याआधी ते त्यांना बरेचसे रक्तपाताचे आख्यान वाटे. त्याच काळात गिबनही चालू होता. दोन्ही शेजारी ठेवल्यावर त्यांचा कौल व्यासांकडे गेला: घटनांची जंत्री करणाऱ्या इतिहासकाराच्या हातून टिकाऊ ते निसटते, असा त्यांचा आशय आहे. हा कौल इतिहासाच्या अभ्यासकाला मान्य होईलच असे नाही. मला तो पुरता मान्य नाही. पण रोजनिशीत ही दोन पुस्तके सारख्याच कोरड्या ओळींत संपतात.

याला आणखी एक पार्श्वभूमी आहे. शिक्षणाच्या काळात पाठ्यपुस्तकांबाहेर आपण जवळजवळ काहीच वाचले नाही आणि पुढे कामाच्या धबडग्यात वेळ मिळाला नाही, असे आत्मकथेत त्यांनीच सांगितले आहे. येरवड्यात तो वेळ मिळाला. रोज सुमारे सहा तास वाचन-लेखनाला, चार तास पिंजण्या-कातण्याला. वय चोपन्न, प्रकृती खालावलेली, तरी चोविशीतल्या विद्यार्थ्याच्या उमेदीने अभ्यास केला, असे ते लिहितात. मी त्याच वयाच्या आसपास आहे आणि माझेही बरेच शिक्षण शाळेबाहेर झाले. म्हणून हे वाक्य वाचून पुढे जाणे मला जमले नाही.

खरी गोष्ट तिसऱ्या खान्यात आहे. शिक्षा सहा वर्षांची होती. ती पूर्ण झाली असती तर उर्दू आणि तमिळ बऱ्यापैकी येऊन, संस्कृत पक्के करून, मूळ ग्रंथ मुळातूनच वाचण्याची त्यांची इच्छा होती. म्हणजे महाभारताचे ते गुजराती भाषांतर ही त्यांच्या लेखी पहिली पायरी होती. चरित्रांमधून ही अपुरी योजना सहसा एका ओळीत उरकली जाते. तुरुंगवासाचा सरकारने योजलेला अर्थ आणि कैद्याने योजलेला अर्थ यांतले अंतर मात्र तिच्याइतके इतर कशातही स्पष्ट दिसत नाही.

१२ जानेवारी १९२४ रोजी पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी त्यांच्यावर अपेंडिक्सची शस्त्रक्रिया केली. ५ फेब्रुवारीला सरकारने त्यांना बिनशर्त सोडले. देशभर आनंद झाला. गांधीजी मात्र त्या लेखात अभ्यास अर्धवट राहिल्याची खंत व्यक्त करतात. पुढे जुहूला विश्रांती झाली, मग 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन'चे संपादन पुन्हा हाती आले, आणि तमिळचे पुस्तक मागे पडले.