शैवालाची वाढ मोजणारा प्रकाश
क्लोरेलासारख्या सूक्ष्म शैवालाची टाकी किती दाट झाली, हे पाण्यातून आरपार जाणाऱ्या प्रकाशावरून कळते. एका बाजूला एलईडी, समोर संवेदक. पेशी वाढतात तसा प्रकाश विखुरतो आणि पलीकडे कमी पोहोचतो. इथे तरंगलांबीची निवड कळीची. ६८० नॅनोमीटरच्या आसपासचा लाल प्रकाश हरितद्रव्य शोषून घेते. पण नायट्रोजन घटला की हरितद्रव्यही घटते आणि पेशी तेवढ्याच असूनही घनतेचा आकडा हलतो. म्हणून घनतेसाठी ७५० नॅनोमीटरचा, जवळजवळ न शोषला जाणारा प्रकाश अधिक भरवशाचा. दोन्ही मोजले तर पेशींची उपासमार लवकर लक्षात येते, आणि हाच या पद्धतीचा मोठा फायदा. फार दाट मिश्रणात आकडा प्रमाणात वाढत नाही. नमुना पातळ करावा लागतो. हवेचे बुडबुडे आणि काचेवर साचलेला थरही मोजमाप बिघडवतात. त्यामुळे वाळवलेल्या शैवालाचे वजन करून संवेदक अधूनमधून पडताळावाच लागतो.